अँग्युलरच्या युनिट टेस्टमध्ये फॉर्म अडतोय? एकेक एरर कशी सोडवायची

ॲप ब्राउझरमध्ये उघडलं की फॉर्म व्यवस्थित चालतो, व्हॅलिडेशनचे मेसेज दिसतात, सबमिट होतं, आणि त्याच कम्पोनंटची टेस्ट चालवली की टर्मिनल लालेलाल. अँग्युलरमध्ये नवीन असलेल्या जवळपास प्रत्येकाला हे होतं, आणि बरेच जण इथेच वैतागून टेस्ट कमेंट करून टाकतात, नाहीतर एररचं तोंड बंद करणारी एखादी ओळ कुठूनतरी उचलून चिकटवतात आणि पुढे जातात. तसं करू नका. फॉर्मच्या टेस्टमध्ये एररी कितीही वेगवेगळ्या दिसल्या तरी मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, एक तर टेस्टला फॉर्मचा एखादा तुकडा दिलेलाच नसतो, किंवा दिलेला असतो पण तो तयार व्हायच्या आधीच टेस्ट त्याला हात लावते. आपल्यासमोरची एरर यातली कुठली हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने एररी समोर येतात साधारण त्याच क्रमाने दिल्यात. तुमची एरर माहीत असेल तर सरळ त्या पायरीवर जा, पण पहिली पायरी तेवढी वाचाच.

सुरू करायच्या आधी हाताशी काय हवं

- अँग्युलरचं व्हर्जन किती ते बघून ठेवा, पॅकेज डॉट जेसनमध्ये असतं. उत्तरं व्हर्जनप्रमाणे बदलतात. टाइप्ड फॉर्म्स व्हर्जन १४ मध्ये आले, व्हर्जन १९ पासून कम्पोनंट मुळातच स्टँडअलोन, म्हणजे मॉड्यूलशिवाय स्वतःचे इम्पोर्ट स्वतः सांगणारा, धरला जातो.
- टेस्ट कशावर चालतात ते, कर्मा आणि जास्मिन, जेस्ट, की व्हाइटेस्ट. कर्मा २०२३ मध्ये डेप्रिकेट झालं, तरी जुन्या प्रोजेक्टमध्ये भरपूर ठिकाणी अजून तेच आहे.
- कम्पोनंटचं टेम्प्लेट शेजारच्या टॅबमध्ये उघडं. नुसती क्लासची फाइल बघून फॉर्मच्या एररी सुटत नाहीत.
- फॉर्म रिॲक्टिव्ह आहे की टेम्प्लेट ड्रिव्हन, ते नक्की माहीत हवं. टेम्प्लेटमध्ये फॉर्मग्रुप आणि फॉर्मकंट्रोलनेम दिसले तर रिॲक्टिव्ह, एनजीमॉडेल दिसलं तर टेम्प्लेट ड्रिव्हन.

१. आधी एकच टेस्ट चालवा आणि पहिली एरर वाचा

सगळा सूट एकदम चालवून शेवटची एरर वाचायची सवय असेल तर ती सोडा, कारण बिफोरइचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टच्या आधी चालणाऱ्या तयारीच्या कोडमध्ये, एकदा गडबड झाली की त्याच्या खालच्या सगळ्या टेस्ट पडतात आणि प्रत्येकीची एरर वेगळी दिसते, कुठे 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' तर कुठे अजून काही. खरं कारण सगळ्यात वरच्या एररमध्ये असतं, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या असतात. जास्मिनमध्ये 'इट' च्या जागी 'एफइट' करा, जेस्ट आणि व्हाइटेस्टमध्ये 'इट डॉट ओन्ली', म्हणजे तेवढी एकच टेस्ट चालते. काम झाल्यावर ते काढायला विसरू नका, नाहीतर सीआयवर, म्हणजे कोड पुश केल्यावर आपोआप टेस्ट चालतात तिथे, एकच टेस्ट चालेल आणि सगळं हिरवं दिसेल.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. आयव्ही, म्हणजे अँग्युलरचा सध्याचा कंपायलर, आल्यापासून टेम्प्लेटमधली अनोळखी प्रॉपर्टी टेस्ट पाडत नाही, ती नुसती कन्सोलमध्ये एरर म्हणून छापली जाते. म्हणजे टेस्ट पास, पण कन्सोलमध्ये 'एनजी ०३०३' चा ढीग. व्हर्जन १४ पासून टेस्टबेडला, म्हणजे टेस्टसाठी कम्पोनंट उभा करणाऱ्या अँग्युलरच्या साधनाला, दोन सेटिंग देता येतात, 'एररऑनअननोनएलिमेंट्स' आणि 'एररऑनअननोनप्रॉपर्टीज', दोन्ही ट्रू करा. टेस्टचं एन्व्हायर्नमेंट जिथे सुरू होतं त्या फाइलमध्ये टाकलं तर सगळ्या प्रोजेक्टला लागू होतं. सुरुवातीला बऱ्याच टेस्ट एकदम पडतील, घाबरू नका, त्या आधीही अर्धवटच होत्या, आता फक्त दिसायला लागल्या.

२. 'कॅन्ट बाइंड टू फॉर्मग्रुप सिन्स इट इझन्ट अ नोन प्रॉपर्टी ऑफ फॉर्म'

सगळ्यात जास्त दिसणारी एरर हीच. टेस्टबेड स्वतःचं एक छोटं मॉड्यूल बनवतो आणि त्यात तुम्ही जे द्याल तेवढंच असतं, ॲपच्या मॉड्यूलमध्ये काय इम्पोर्ट केलंय याची त्याला काही कल्पना नसते. म्हणून ॲपमध्ये चालणारा फॉर्म टेस्टमध्ये अडतो.

कम्पोनंट जुन्या पद्धतीचा असेल, म्हणजे डिक्लरेशन्समध्ये टाकलेला, तर टेस्टबेडच्या इम्पोर्ट्समध्ये 'रिॲक्टिव्हफॉर्म्समॉड्यूल' टाका. एरर एनजीमॉडेलचं नाव घेत असेल तर 'फॉर्म्समॉड्यूल'. 'एक्सपोर्टॲज एनजीफॉर्म' सापडत नाही असं म्हणत असेल, म्हणजे 'एनजी ०३०१', तरी तेच फॉर्म्समॉड्यूल. टेम्प्लेटमध्ये दोन्ही प्रकार असतील तर दोन्ही द्या.

कम्पोनंट स्टँडअलोन असेल तर गोष्ट वेगळी आणि इथे लोक खूप वेळ घालवतात. स्टँडअलोन कम्पोनंट स्वतःच्या इम्पोर्ट्समधून डायरेक्टिव्ह घेतो, टेस्टबेडच्या इम्पोर्ट्समध्ये तुम्ही रिॲक्टिव्हफॉर्म्समॉड्यूल टाकलं तरी त्याच्या टेम्प्लेटला त्याचा काही उपयोग नाही. मॉड्यूल कम्पोनंटच्याच डेकोरेटरमध्ये हवं. तिथे असूनही टेस्टमध्येच एरर येत असेल तर टेस्टमध्ये कुठेतरी 'ओव्हरराइडकम्पोनंट' आहे का ते शोधा, त्यात 'सेट' वापरून इम्पोर्ट्सची पूर्ण यादी बदलली की फॉर्मचं मॉड्यूलही त्याबरोबर उडून जातं. 'सेट' च्या जागी 'रिमूव्ह' आणि 'ॲड' वापरा, हवा तेवढाच भाग बदलतो आणि बाकीचं जागेवर राहतं.

आणि स्टँडअलोन कम्पोनंट डिक्लरेशन्समध्ये टाकलात तर 'डिड यू इंटेंड टू इम्पोर्ट इट इन्स्टेड' असं विचारणारी एरर येते. तिथे अँग्युलर उत्तरच देतोय, कम्पोनंट उचलून इम्पोर्ट्समध्ये ठेवा. व्हर्जन १९ ला अपग्रेड केल्यावर जुन्या कोडमध्ये ही एरर दिसली तर मायग्रेशन पूर्ण झालंय का ते बघा, जुन्या कम्पोनंटवर 'स्टँडअलोन फॉल्स' लिहिलेलं असायला हवं.

३. 'नो एरर्स स्कीमा' चा मोह टाळा

वरची एरर शोधली की कुणीतरी हमखास सांगतं की स्कीमाज मध्ये 'नो एरर्स स्कीमा' टाका, एरर जाते. जाते खरी. पण त्याने अँग्युलरला इतकंच सांगितलं जातं की टेम्प्लेटमध्ये अनोळखी काहीही दिसलं तरी गप्प बस. फॉर्मचं मॉड्यूल नसताना ही स्कीमा टाकली तर इनपुट आणि तुमचा फॉर्मकंट्रोल यांचा एकमेकांशी काही संबंधच राहत नाही. 'शुड क्रिएट' पास होते, कंट्रोलवर थेट व्हॅल्यू सेट करणाऱ्या टेस्टही पास होतात, पण इनपुटमध्ये काही टाइप केलं तर कंट्रोलपर्यंत काही पोचत नाही. फॉर्म तुटला तरी ही टेस्ट कधीच ओरडणार नाही, आणि अशी टेस्ट असण्यापेक्षा नसलेली बरी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नसलेल्या टेस्टवर कुणी भरवसा तरी ठेवत नाही.

चाइल्ड कम्पोनंट खूप आहेत आणि सगळे द्यायचे नाहीत अशी अडचण असेल तर स्कीमाऐवजी त्या चाइल्डचे छोटे स्टब, म्हणजे नकली कम्पोनंट, बनवा, सिलेक्टर तोच आणि टेम्प्लेट रिकामं. चाइल्ड फॉर्मला जोडलेला असेल तर स्टब कसा करायचा ते सहाव्या पायरीत आहे.

४. 'नो प्रोव्हायडर फॉर...'

इथे पुढचं नाव कुठलं त्यावर सगळं अवलंबून.

'फॉर्मबिल्डर' असेल तर पुन्हा रिॲक्टिव्हफॉर्म्समॉड्यूल विसरलंय, ते टाका. नव्या व्हर्जनमध्ये फॉर्मबिल्डर रूटवरूनच मिळतो म्हणून ही एरर दिसत नाही, जुन्या प्रोजेक्टमध्ये दिसते. फॉर्मबिल्डरचा मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी ठेवायचा नकली ऑब्जेक्ट, मात्र बनवू नका. कितीतरी टेस्टमध्ये जास्मिनचा स्पाय ऑब्जेक्ट, म्हणजे मेथड बोलावली गेली का याची नुसती नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट, फॉर्मबिल्डर म्हणून दिलेला असतो, मग 'ग्रुप' मेथड अनडिफाइन्ड परत करते आणि तिथून पुढे एररींची रांग लागते. फॉर्मबिल्डर ना नेटवर्कला जातो ना कुठे काही साठवतो, खराच वापरा.

'कंट्रोलकंटेनर' असेल तर तुम्ही चाइल्ड कम्पोनंटची टेस्ट लिहिताय, आणि तो चाइल्ड आपल्या पेरेंटच्या फॉर्मवर विसंबून आहे. 'फॉर्मकंट्रोलनेम मस्ट बी यूज्ड विथ अ पेरेंट फॉर्मग्रुप डायरेक्टिव्ह' ही एररही याच घरातली. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे टेस्टच्या फाइलमध्येच एक होस्ट कम्पोनंट लिहायचा, त्याच्या टेम्प्लेटमध्ये फॉर्म टॅग, त्यावर फॉर्मग्रुप, आणि आत तुमचा चाइल्ड. मग फिक्स्चर, म्हणजे टेस्टमध्ये कम्पोनंट हाताळायचा ऑब्जेक्ट, होस्टचं बनवायचं. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात पण चाइल्ड खऱ्या ॲपमध्ये जसा बसतो तसाच टेस्टमध्ये बसतो. कंट्रोलकंटेनर प्रोव्हायडर्समध्ये हाताने बनवून देताही येतो, पण ते वाचणाऱ्याला कळत नाही आणि अँग्युलरच्या आतल्या गोष्टींवर विसंबून राहतं.

'एचटीटीपीक्लायंट' असेल तर कम्पोनंटची कुठलीतरी सर्व्हिस सर्व्हरला जातेय. 'प्रोव्हाइडएचटीटीपीक्लायंट' आणि त्याच्यानंतर 'प्रोव्हाइडएचटीटीपीक्लायंटटेस्टिंग' असे दोन्ही द्या, किंवा ती सर्व्हिसच मॉक करा. मॉक करायच्या गोष्टी या, फॉर्म नाही.

५. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग गेट'

तुकडे सगळे दिलेत पण टेस्ट घाई करतेय, ही त्याची खूण. फॉर्म एनजीऑनइनिटमध्ये बनवला असेल तर कम्पोनंट तयार झाला म्हणजे फॉर्म तयार झाला असं नसतं. एनजीऑनइनिट पहिल्यांदा 'फिक्स्चर डॉट डिटेक्टचेंजेस' केल्यावर, म्हणजे अँग्युलरला टेम्प्लेट ताजं करायला सांगितल्यावर, चालतं, त्याच्या आधी 'फॉर्म डॉट गेट' केलं की ही एरर ठरलेली.

पण म्हणून बिफोरइचमध्ये सरसकट डिटेक्टचेंजेस टाकायचं हेही दरवेळी बरोबर नसतं. कम्पोनंटला इनपुटमधून काही मिळत असेल, उदाहरणार्थ पेरेंटकडून येणारा फॉर्मग्रुप, किंवा एडिट करायची माहिती, तर ते पहिल्या डिटेक्टचेंजेसच्या आधी द्यावं लागतं, नाहीतर 'फॉर्मग्रुप एक्स्पेक्ट्स अ फॉर्मग्रुप इन्स्टन्स' अशी एरर येते. क्रम असा ठेवा, फिक्स्चर बनवा, इनपुट द्या, सर्व्हिसचे मॉक काय परत करणार ते ठरवा, आणि मग डिटेक्टचेंजेस. इनपुट द्यायला 'फिक्स्चर डॉट कम्पोनंटरेफ डॉट सेटइनपुट' वापरा. प्रॉपर्टीवर थेट व्हॅल्यू ठेवली तर ऑनपुश, म्हणजे इनपुट बदलण्यासारख्या ठरावीक वेळीच टेम्प्लेट तपासणाऱ्या, कम्पोनंटमध्ये पुढचे बदल स्क्रीनवर दिसत नाहीत आणि एनजीऑनचेंजेसही चालत नाही.

शक्य असेल तिथे फॉर्म क्लासच्या फील्डमध्येच बनवावा असं मी सुचवीन. म्हणजे तो पहिल्या क्षणापासून असतो, टाइप्ड फॉर्म्समध्ये टाइपही आपोआप मिळतात, आणि ही एरर मुळातूनच जाते.

६. 'नो व्हॅल्यू ॲक्सेसर फॉर फॉर्म कंट्रोल'

'एनजी ०१२०३'. ही नीट समजून घ्या, कारण इतर एररींपेक्षा हिच्यावर जास्त चुकीचे उपाय फिरतात.

फॉर्मकंट्रोल आणि स्क्रीनवरचा एलिमेंट यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला व्हॅल्यू ॲक्सेसर म्हणतात. साध्या इनपुटला, टेक्स्टएरियाला, चेकबॉक्सला, सिलेक्टला अँग्युलर स्वतःच तो देतो. पण फॉर्मकंट्रोलनेम एखाद्या कस्टम कम्पोनंटवर असेल, समजा 'ॲप डेट पिकर' वर, तर दुभाष्या त्या कम्पोनंटमध्ये असतो. टेस्टमध्ये तो कम्पोनंटच दिला नाही, किंवा रिकामा स्टब दिला, तर कंट्रोलला बोलायला कुणी उरत नाही आणि ही एरर येते. नो एरर्स स्कीमा टाकूनही ही एरर जात नाही, कारण फॉर्मकंट्रोलनेम हा डायरेक्टिव्ह तर चालू झालेला असतो, फक्त त्याच्या समोरचा एलिमेंट मुका असतो.

अँग्युलर मटेरियल ही तयार कम्पोनंटची लायब्ररी वापरत असाल तर आधी मॉड्यूल तपासा. 'मॅट सिलेक्ट' वर ही एरर आली तर मॅटसिलेक्टमॉड्यूल राहिलंय. 'मॅट फॉर्म फील्ड मस्ट कन्टेन अ मॅटफॉर्मफील्डकंट्रोल' आली तर बहुतेक वेळा मॅटइनपुटमॉड्यूल राहिलेलं असतं.

कम्पोनंट तुमच्याच टीमचा आणि हलका असेल तर खराच इम्पोर्ट करा. जड असेल तर स्टब बनवा पण त्याला दुभाष्याचं काम शिकवा. सिलेक्टर तोच ठेवायचा, प्रोव्हायडर्समध्ये 'एनजी व्हॅल्यू ॲक्सेसर' द्यायचा, 'यूजएक्झिस्टिंग' मध्ये 'फॉरवर्डरेफ' मधून स्टबचा क्लास, आणि 'मल्टी ट्रू'. क्लासमध्ये राइटव्हॅल्यू, रजिस्टरऑनचेंज आणि रजिस्टरऑनटच्ड या तीन मेथड लागतातच, सेटडिसेबल्डस्टेट ऐच्छिक आहे. मल्टी ट्रू विसरलात तर 'व्हॅल्यू ॲक्सेसर वॉज नॉट प्रोव्हायडेड ॲज ॲन ॲरे' अशी नवीन एरर येते, तेव्हा गोंधळू नका, तेवढीच ओळ राहिलीय. रजिस्टरऑनचेंजमध्ये मिळालेलं फंक्शन स्टबमध्ये जपून ठेवा, मग टेस्टमधून ते बोलावून युजरने तारीख निवडली असं दाखवता येतं.

टेम्प्लेटमध्ये 'एनजीडिफॉल्टकंट्रोल' लिहिलं की एरर जाते हाही सल्ला मिळेल. खऱ्या टेम्प्लेटमध्ये फक्त टेस्टसाठी असं काही टाकू नका.

७. फॉर्म भरायचा कसा

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही लागतात. नुसतं व्हॅलिडेशनचं लॉजिक तपासायचं असेल तर कंट्रोलवर सेटव्हॅल्यू करा, झटपट होतं. पण फॉर्म आणि टेम्प्लेट एकमेकांना जोडलेत का हे तपासायचं असेल तर इनपुटमधूनच जावं लागतं.

ईमेलचं इनपुट घ्या. नेटिव्हएलिमेंट मिळवला, त्याची व्हॅल्यू ठेवली, आणि लगेच कंट्रोलची व्हॅल्यू तपासली तर ती रिकामीच दिसते. कारण कोडमधून व्हॅल्यू ठेवली तर ब्राउझर इव्हेंट पाठवत नाही, आणि अँग्युलर तर इव्हेंटचीच वाट बघत असतो. म्हणून व्हॅल्यू ठेवल्यावर 'डिस्पॅचइव्हेंट' ने 'इनपुट' इव्हेंट पाठवा. चेकबॉक्सला, रेडिओला आणि सिलेक्टला 'चेंज' इव्हेंट लागतो. टच्ड व्हायला 'ब्लर' लागतो, 'फोकस' चालत नाही. आणि कंट्रोलवर 'अपडेटऑन ब्लर' लावलेलं असेल तर इनपुट इव्हेंटनंतरही व्हॅल्यू जुनीच राहते, ब्लर पाठवला की मगच बदलते.

मग एरर मेसेज स्क्रीनवर आला का हे बघायच्या आधी पुन्हा डिटेक्टचेंजेस. कंट्रोल इनव्हॅलिड झाला तरी एचटीएमएल आपोआप बदलत नाही. व्हॅल्यू, इव्हेंट, डिटेक्टचेंजेस, अपेक्षा, हा क्रम हाताला बसू द्या.

सेटव्हॅल्यू आणि पॅचव्हॅल्यू यात गल्लत होते तीही इथेच सांगतो. ग्रुपवर सेटव्हॅल्यू केलं तर सगळे कंट्रोल द्यावे लागतात, एक राहिला तरी 'मस्ट सप्लाय अ व्हॅल्यू फॉर फॉर्म कंट्रोल' अशी एरर येते. फॉर्ममध्ये कुणी नवीन फील्ड टाकलं की जुन्या टेस्ट अशा पडतात. पॅचव्हॅल्यूने ही एरर जाते, पण नाव चुकलं तरी पॅचव्हॅल्यू काहीच बोलत नाही, म्हणून मी टेस्टमध्ये सेटव्हॅल्यूच पसंत करतो. वरच्या बाजूला पूर्ण बरोबर भरलेल्या फॉर्मचा एक ऑब्जेक्ट ठेवा आणि प्रत्येक टेस्टमध्ये त्यातलं एकच फील्ड बिघडवा. नवीन फील्ड आलं की एकाच जागी बदल.

८. फॉर्म व्हॅलिड का होत नाही, किंवा इनव्हॅलिड का होत नाही

'एक्स्पेक्टेड फॉल्स टू बी ट्रू' एवढंच लिहून आलं की काही कळत नाही. अशा वेळी तपासणीच्या आधी प्रत्येक कंट्रोलचं नाव, स्टेटस आणि एरर्स छापून बघा. ग्रुपचे एरर्स छापून उपयोग नाही, ते नल दिसतील, कारण कंट्रोलच्या एररी कंट्रोलवरच राहतात, वर चढत नाहीत. उलट पासवर्ड आणि कन्फर्म पासवर्ड जुळतात का असा व्हॅलिडेटर ग्रुपवर लावला असेल तर त्याची एरर ग्रुपवर असते आणि कन्फर्मच्या कंट्रोलवर शोधली तर सापडत नाही.

बाकी नेहमी पाय अडकणाऱ्या जागा या.

व्हॅलिडेटरचं नाव 'मिनलेंग्थ' लिहिताना मधला एल कॅपिटल असतो, पण एररची की मात्र सगळी स्मॉल अक्षरात असते. हॅजएररमध्ये कॅपिटल एल टाकला की कायम फॉल्स, आणि कोड वाचून चूक डोळ्यांना दिसतच नाही. 'मॅक्सलेंग्थ' चंही तसंच.

रिकाम्या व्हॅल्यूवर मिनलेंग्थ, ईमेल आणि पॅटर्न हे तिघेही काही तक्रार करत नाहीत. रिकामं चालत नसेल तर रिक्वायर्ड वेगळा लावावा लागतो. टेस्टमध्ये रिकामी स्ट्रिंग देऊन ईमेलची एरर अपेक्षित धरली तर ती येणार नाही.

दोन व्हॅलिडेटर ॲरेमध्ये न टाकता एकापुढे एक लिहिले तर दुसरा असिंक, म्हणजे उत्तर थोड्या वेळाने देणारा, म्हणून धरला जातो आणि 'एक्स्पेक्टेड असिंक व्हॅलिडेटर टू रिटर्न प्रॉमिस ऑर ऑब्झर्व्हेबल' अशी एरर येते. टेस्टमध्ये दिसली तरी ही चूक कम्पोनंटमधली आहे, दोन्ही चौकटी कंसात घ्या.

डिसेबल्ड कंट्रोल व्हॅलिडही नसतो आणि इनव्हॅलिडही नसतो, त्याचं स्टेटसच वेगळं. ग्रुपच्या व्हॅल्यूमध्येही तो येत नाही, तो हवा असेल तर 'गेटरॉव्हॅल्यू' वापरा. सबमिट झालेल्या माहितीत एखादं फील्ड गायब दिसतंय अशी टेस्ट पडली तर आधी हेच बघा.

आणि रिसेट केल्यावर व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग होते असं धरू नका, ती नल होते, कंट्रोल नॉननलेबल केलेला असेल तरच सुरुवातीच्या व्हॅल्यूवर परत येते.

९. सबमिट

कर्मावर 'सम ऑफ युवर टेस्ट्स डिड अ फुल पेज रीलोड' अशी एरर येते आणि कुठल्या टेस्टने केलं ते सांगतही नाही. फॉर्मच्या बाबतीत याचं कारण बहुतेक हे असतं की फॉर्मचं मॉड्यूल दिलेलं नाही आणि टेस्टने सबमिटच्या बटणावर क्लिक केलं. अँग्युलरचा डायरेक्टिव्ह फॉर्मवर असला की तो ब्राउझरचं मूळ सबमिट थांबवतो, तो नसला की ब्राउझर खरंच फॉर्म पाठवायला निघतो आणि पान रीलोड होतं. जेस्टमध्ये जेएसडॉम, म्हणजे खऱ्या ब्राउझरऐवजी त्याची नक्कल, असल्यामुळे रीलोड होत नाही, तिथे 'नॉट इम्प्लिमेंटेड' असा मेसेज कन्सोलमध्ये येतो. दोन्हीवर इलाज दुसऱ्या पायरीतलाच.

फॉर्मच्या आत असलेल्या बटणाला टाइप दिला नसेल तर ते सबमिटचंच धरलं जातं. कॅन्सलवर क्लिक केलं आणि सेव्हचा स्पाय बोलावला गेला, असं दिसलं तर टेस्ट बरोबर आहे, बग टेम्प्लेटमध्ये आहे. बटणाला 'टाइप बटन' द्या.

सबमिट टेस्ट करताना फॉर्मवर 'ट्रिगरइव्हेंटहँडलर' ने एनजीसबमिट बोलावता येतं, पण त्यात बटण डिसेबल्ड आहे की नाही हे कुणी बघत नाही. माझ्या मते निदान एक टेस्ट तरी खऱ्या बटणावर क्लिक करणारी हवी. आणि क्लिक करूनही काहीच होत नसेल तर बटण डिसेबल्ड आहे का ते बघा, फॉर्म भरल्यावर डिटेक्टचेंजेस राहिलं असेल तर कंट्रोल व्हॅलिड असूनही बटण अजून जुन्या अवस्थेतच असतं आणि डिसेबल्ड बटणावरचा क्लिक कुठेच पोचत नाही.

१०. वेळेच्या एररी

टेम्प्लेट ड्रिव्हन फॉर्ममध्ये एनजीमॉडेल व्हॅल्यू लगेच ठेवत नाही, एक प्रॉमिस पूर्ण झाल्यावर ठेवतो. म्हणून डिटेक्टचेंजेसनंतर लगेच इनपुट वाचलं तर रिकामं दिसतं. टेस्ट असिंक करा, 'अवेट फिक्स्चर डॉट व्हेनस्टेबल' करा, मग वाचा. 'देअर आर नो फॉर्म कंट्रोल्स रजिस्टर्ड विथ धिस ग्रुप येट' ही एररही याच घाईतून येते.

रिॲक्टिव्ह फॉर्ममध्ये वेळ लागतो तो डीबाउन्समुळे, म्हणजे टायपिंग थांबेपर्यंत मुद्दाम वाट बघण्यामुळे, किंवा असिंक व्हॅलिडेटरमुळे. असिंक व्हॅलिडेटर चालू असताना फॉर्म 'पेंडिंग' असतो, तेव्हा व्हॅलिडही फॉल्स आणि इनव्हॅलिडही फॉल्स, आणि हे माहीत नसेल तर माणूस तासभर चक्रावून जातो. 'फेकअसिंक' मध्ये, म्हणजे घड्याळ आपण हाताने पुढे सरकवू शकतो अशा फंक्शनमध्ये, टेस्ट घ्या आणि डीबाउन्स जितक्या मिलिसेकंदांचा आहे तितका 'टिक' द्या, ३०० चा असेल तर टिक ३००. व्हॅल्यू सेट करणं आणि टिक दोन्ही एकाच फेकअसिंकच्या आत हवं. आणि व्हॅल्यूचेंजेसचं सबस्क्रिप्शनसुद्धा, म्हणजे पहिलं डिटेक्टचेंजेस बिफोरइचमध्ये बाहेर झालं असेल तर कुठला टायमर आत आणि कुठला बाहेर याचा गोंधळ होऊ शकतो, अशा टेस्टमध्ये डिटेक्टचेंजेस आतच करा.

'वन टायमर स्टिल इन द क्यू' म्हणजे टेस्ट संपली पण एक टायमर राहिला, शेवटी 'फ्लश' करा. पिरिऑडिक टायमर असं म्हणत असेल तर 'डिस्कार्डपिरिऑडिकटास्क्स'. व्हर्जन १९ पासून फेकअसिंक शेवटी राहिलेले टायमर स्वतःच फ्लश करतो, म्हणून जुन्या ट्युटोरियलमधली ही एरर तुम्हाला कदाचित दिसणारही नाही. प्रोजेक्टमध्ये झोन डॉट जेएस, ही असिंक कामांवर लक्ष ठेवणारी लायब्ररी, नसेल तर मात्र फेकअसिंक चालत नाही, तिथे तुमच्या टेस्ट रनरचे फेक टायमर वापरा.

११. टेस्ट हिरवी झाली की एकदा मुद्दाम मोडून बघा

कम्पोनंटमधून रिक्वायर्ड व्हॅलिडेटर काढा आणि टेस्ट चालवा, लाल व्हायला हवी. टेम्प्लेटमधलं फॉर्मकंट्रोलनेम काढा, इनपुटमधून भरणारी टेस्ट पडायला हवी. बटणावरची डिसेबल्डची अट काढा, तिची टेस्ट पडायला हवी. यातलं काही काढूनही टेस्ट हिरवीच राहिली तर सातव्या पायरीवर परत जा, बहुतेक ती टेस्ट इनपुटला हातही न लावता थेट कंट्रोलशीच बोलत असते. खात्री झाली की काढलेलं परत जागेवर ठेवा, एफइट राहिला नाही ना ते बघा, आणि कमिट करा.